रोयणीचं लुगडं

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल. तीस मेला गोवा राज्य झालं आणि त्याच्या चार दिवस आधी आमच्या सासऱ्यांनी परसातली रोयण काढायचं ठरवलं. राज्य झालं त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. बाजारात पताका लागल्या होत्या आणि आमच्या यांना कचेरीत पेढा मिळाला होता. त्यातला अर्धा यांनी रुमालात बांधून माझ्यासाठी आणला, एवढंच. रोयणीचं मात्र सगळं लख्ख आठवतं.

रोयण म्हणजे वारूळ. आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि ते सातेरी देवीचं रूप मानतात. कितीतरी गावांत सातेरीच्या देवळात मूर्ती नाही, गाभाऱ्यात रोयणच आहे. पण आमची रोयण देवळात नव्हती. डिचोलीच्या बाजारामागच्या आळीत, आमच्या घराच्या परसात, विहिरीपासून वीस पावलांवर ती उभी होती. तांबडी, माझ्या खांद्याएवढी उंच, वर तीन-चार शेंडे.

त्या वर्षांत डिचोली म्हणजे खनिजाचे ट्रक. सकाळी सातपासून समोरच्या रस्त्यावरून त्यांची रांग लागायची. दारं, जनेलं, तुळस, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर तांबडी धूळ. आळीतल्या लोकांनी एकेक करत आपापली परसवं बुजवून खोल्या काढल्या होत्या. आमचं परसू तेवढं राहिलं होतं. एक जांभूळ, एक ओवळ म्हणजे बकूळ, बिमलीचं झाड, करवंदीची जाळी आणि मधोमध रोयण. घराच्या आड असल्यामुळे तिथली पानं हिरवी असायची. पुढच्या दारी धुळीने नाक भरलं की मी मागच्या पायरीवर येऊन बसायची. जांभळीवर कोतवाल पक्षी बसलेला असायचा. जाळीत भारद्वाज हुंकारायचा. एका वर्षी घोरपडीने रोयणीच्या कुशीत अंडी घातली होती. सासूबाईंनी ते पाहिलं आणि महिनाभर आम्हा कुणाला त्या बाजूला फिरकू दिलं नाही. म्हणाल्या, "बाळंतिणीकडे असं सारखं जाऊन बघतात काय गो?"

सासूबाईंना आम्ही माई म्हणत असू. प्रभावती त्यांचं नाव, पण नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सासरे गोकुळदास, त्यांना सगळी आळी भाऊ म्हणायची. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आमचे हे, दत्तप्रसाद, मामलेदार कचेरीत कारकून. मी पेडणे महालातल्या कोरगावची. लग्न होऊन डिचोलीत आले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आता अळम्यांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अळमी म्हणजे रोयणीवर उगवणारी रानटी भूछत्रं. वर्षातून एकदाच येतात, श्रावणाच्या आगेमागे, दोन-तीन दिवस. एरवी मातीच्या आत वाळवी त्यांचं काय ते लालनपालन करते आणि एका सकाळी ती जमीन फोडून पांढरी वर येतात. श्रावणात आमच्यात मासळी नसते, त्यामुळे नारळाच्या वाटपात केलेली अळम्यांची शागोती म्हणजे श्रावणातलं मटणच. अळमी कुठे येतात ती जागा कुणी कुणाला सांगत नाही. आमच्या परसात अळमी येतात हे आळीतल्या सातही घरांना ठाऊक होतं आणि सातही घरं ते ठाऊक नसल्यासारखी वागायची, कारण सातही घरांत माईंकडून पानात बांधून वाटा जायचा.

माईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोर कोण आलं ते आवाजावरून ओळखायच्या. पण अळमी आली हे घरात आधी त्यांनाच कळायचं. फटफटलं की मला हलवायच्या. "ऊठ गो हर्षा. वास येता." मला कधी कसला वास आला नाही. परसात जाऊन बघावं तर खरंच रोयणीभोवती पांढरी बोटं वर आलेली. माई ओणव्या होऊन हाताने चाचपत एकेक काढायच्या आणि तीन-चार मुद्दाम ठेवायच्या. "ती तिची," म्हणायच्या. तेराव्या वर्षी त्या साखळीहून या घरात लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांच्या सासूने पहिल्या दिवशी त्यांना परसात नेऊन ही रोयण दाखवली होती आणि सांगितलं होतं, घर बाप्यांचं, ही आपली.

तर त्या मे महिन्यात माझ्या धाकट्या दिराचं, मधुकरचं, बाहरीनहून पत्र आलं. दोन वर्षांनी कायमचा परत येतो, पण लग्न करून राहायला वेगळं घर हवं. परसात बांधणार असाल तर डिचोलीत येतो, नाहीतर म्हापशाला फ्लॅट बघतो. भाऊंनी ते पत्र तीनदा वाचलं. मुलगा म्हापशाला गेला की सणावारापुरता येणार, हे त्यांना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ते परसात काठीने मापं घेऊ लागले. काठी बरोबर रोयणीवर येऊन टेकत होती.

कामाला त्यांनी महादेवाला बोलावलं. महादेव दोडामार्गाकडचा, सिंधुदुर्गातला. आधी खाणीवर होता, मग गवंडीकामाला लागला. आळीतल्या निम्म्या खोल्यांचे पाये त्याच्या हातचे. त्याने परसात फेरी मारली, विडी पेटवली आणि म्हणाला, "भावानू, जांभूळ तोडतंय. पायो खणतंय. सांगशात तर बांयत उतरान गाळ काढतंय. रोयणीक हात लावचंय नाय."

"अरे, सातेरी देवळात आसा. ही वाळवी," भाऊ म्हणाले.

"ता तुमका कोणी सांगल्यान?"

"माका सांगूक कोण कित्याक होयो? डोळ्यांनी दिसता."

"माका नाय दिसणा," महादेव म्हणाला, "म्हणान तर भीती."

भाऊ चिडले. म्हणाले, बसस्टँडावर घाटावरचे कामगार रोज सकाळी उभे असतात, त्यांना रोयण नि सातेरी काही ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी चार जण आणतो, दुपारपर्यंत सपाट.

माई चुलीपाशी होत्या.  जेवायला वाढलं, तेव्हा भाताचं भांडं भाऊंच्या पानाऐवजी पाटावर टेकवलं. डोळ्यांमुळे नव्हे. इतकी वर्षं त्यांचा हात पानावर कधी चुकला नव्हता. मी यांना रात्री म्हटलं, तुम्ही बोला भाऊंशी. हे म्हणाले, "मधूच्या घराच्या आड मी आलो, असं होईल ते." तेही खरंच होतं.

मला लहानपणचं आठवत होतं. आमच्या कोरगावला शेताच्या बांधावर रोयण होती. माझी आजी, आईची आई, वर्षातून एकदा तिथे जायची, मला कडेवर घेऊन. पिवळी हळद, लाल कुंकू, हिरवं लुगडं हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या रोयणीला कुणी कधी धक्का लावला नाही. मोठ्या भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, बांध फिरवला, तोही तिला वळसा घालून. मनात म्हटलं, आपल्या रोयणीला कुणी नेसवलेलं नाही, म्हणून भाऊंना ती वाळवी दिसते.

रविवारी पहाटे मी उठले. वाटीभर हळद कालवली आणि रोयणीला शेंड्यापासून खालपर्यंत माखली. कुंकू लावलं. आजीचं एक हिरवं सुती लुगडं माझ्या पेटीत होतं, ते निऱ्या घालून तिला नेसवलं. ओवळीची चार फुलं वर ठेवली, हात धुतले आणि आत येऊन चहाचं आधण ठेवलं. कुणाला काही खोटं सांगायचं नाही, एवढं मनाशी पक्कं केलं होतं. गप्प राहणं हेही कधीकधी खोटंच असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

पहिली आली ती शेजारची चंद्रावती, विहिरीवर पाण्याला. तिचं आणि आमचं घर तेव्हा बोलत नव्हतं. भाषेच्या चळवळीत तिचा नवरा कोकणीच्या मोर्चात आणि भाऊ मराठीच्या. दोघे एकमेकांना शिव्या द्यायचे त्या मात्र कोकणीतूनच, आणि दोघांच्या घरी पोथी मराठी. बायकांना विहीर एकच असल्यामुळे आम्ही खाली मान घालून पाणी भरायचो. त्या दिवशी चंद्रावतीची कळशी पायरीवरच राहिली. ती आमच्या मागल्या दारात आली आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा बोलली.

"हर्षावयनी, तुमच्या परसात कोण आलीय बघा."

तासाभरात सगळी आळी परसात. भाऊ बाहेर आले. त्यांनी रोयणीकडे पाहिलं, मग माईंकडे. माई नुसत्या हात जोडून उभ्या होत्या. सोमवारी बसस्टँडावरून कुणी आलं नाही.

मला वाटलं, झालं काम. आठ दिवस मी फार खुशीत होते. पण आळी थांबायला तयार नव्हती. चंद्रावतीच्या जावयाला त्याच पंधरवड्यात नोकरी लागली. तिने येऊन आणखी हळद लावली, वर खोबरेल ओतलं. मग कुणी दूध आणलं, कुणी तूप. उदबत्त्या खोचायला रोयणीची भोकं सोयीची होती. एका ट्रकवाल्याचा अपघात टळला, त्याने घंटा टांगली. पावसात लुगडं भिजतं म्हणून वर पत्रा आला. शुक्रवारी आरती सुरू झाली. शेवटी तिघाचौघांनी मिळून लाद्या आणल्या आणि रोयणीच्या पायथ्याशी सभोवार सिमेंटचा चौथरा करून पांढऱ्या लाद्या बसवल्या, माती दिसू नये म्हणून. चंद्रावती रोज त्या पुसायची. "देवीच्या पायाकडे चिखल बरा दिसतो काय?"

भाऊ सोप्यावर पेपर तोंडासमोर धरून बसत. "मधूचं घर व्हायचं होतं तिथे देऊळ झालं," एवढंच एकदा म्हणाले. माई आरतीला यायच्या आणि सगळ्यांच्या मागे उभ्या राहायच्या.

आषाढ संपला. पाऊस मनासारखा पडला, मध्ये उघडीप झाली, गडगडाट झाला, अळम्यांना जसं हवं तसं सगळं. माई पहाटे उठून मागल्या पायरीवर बसायला लागल्या. मी उठून बघायची तर त्या बसलेल्या, नाक वर करून. मला हलवायला आल्या नाहीत. दरवर्षी पाऊस लागला की एका संध्याकाळी रोयणीतून पंख फुटलेली वाळवी धुरासारखी वर यायची आणि कोतवाल, बुलबुल, वेडे राघू तिच्यावर तुटून पडायचे. त्या वर्षी ते झालं नाही. कोतवाल जांभळीवर यायचा, घंटा वाजली की उडायचा. मग यायचाच बंद झाला.

श्रावणातल्या एका दुपारी भाऊंनी ताटाकडे बघत विचारलं, "आज काय?"

"वालीची भाजी," माई म्हणाल्या.

चार दिवसांनी पुन्हा, "आज काय?"

"भोपळा."

तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जेवायला सुरुवात केली. अळमी आली नाहीत. माई या घरात आल्यापासून असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

गणेश चवथीला मी माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी गावातच राहणाऱ्या रामचंद्रमामाला म्हटलं, मला आजीची रोयण बघायची आहे. मामाचं वय तेव्हा सत्तरीचं, पण पायात चप्पल न घालता तो बांधावरून माझ्यापुढे चालला. रोयण होती तिथेच होती. तांबडी, कोरडी, गवताने वेढलेली. तिच्यावर ना हळद, ना कुंकू. तिच्यापासून हातभर अंतरावर एक काळा दगड होता. हळद त्या दगडावर होती. कुंकू त्या दगडावर. लुगड्याचा तुकडाही त्या दगडालाच गुंडाळलेला.

मी विचारलं, "मामा, हा दगड कधी आणला?"

"आणला कसला? माझ्या आजोबाच्या आधीपासून आहे."

"आजी रोयणीला नेसवायची ना?"

"कुणी सांगितलं? रोयणीला हात लावला तर आई माझा हात मोडायची. काय करायचं ते दगडाला. रोयणीला नुसता नमस्कार, तोही लांबून. तिचं आतलं काम चालू असतं, म्हणायची, मध्ये बोलू नये."

मी कडेवर होते. हातभर अंतर मला कसं दिसणार? मला हिरवा-पिवळा रंग दिसला आणि मागे रोयण दिसली. मी ती दोन्ही जोडून टाकली.

परतताना बसमध्ये एकच विचार. खरं सांगितलं नाही तर रोयण हळदीतुपात गुदमरून मरणार. खरं सांगितलं तर ती देवी राहत नाही, आणि मग भाऊंच्या पहारीला अडवायला काही उरत नाही. कशीही गेली तरी तिला मारणारी मीच.

चार दिवस मी तशीच काढले. पाचव्या दिवशी माईंच्या केसांना तेल लावता लावता म्हटलं, "माई, ते लुगडं..."

"तुझं," त्या म्हणाल्या.

माझा हात थांबला.

"चोळ गो, थांबू नको. पहिल्याच दिवशी कळलं. हात लावून बघितलं मी. निऱ्या उलट्या बाजूच्या. या आळीत डावखुरी तू एकटी."

"मग बोलला का नाहीत?"

"रोयण वाचत होती. मला वाटलं, बरी बुद्धी सुचली सुनेला." त्यांनी मान रोयणीच्या बाजूला वळवली. "आता वाचत नाही. मला तिचा वासच येत नाही. तेलाचा येतो, उदबत्तीचा येतो. तिचा नाही."

मी दगडाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी तुझ्या सासऱ्यांना सांग. मग आळीला. आळीकडून यांच्या कानावर गेलं तर ते कधी विसरायचे नाहीत."

भाऊ सोप्यावर होते. मी उभ्यानेच सांगितलं, हळदीपासून दगडापर्यंत. ते पेपराची घडी घालत राहिले, घातलेली पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

"म्हणजे देवी नाय ती."

"ते मला ठाऊक नाही, भाऊ. लुगडं माझं होतं एवढं ठाऊक आहे."

"तुका कळता मां, काय सांगतंस ता? पहार घेऊन मी आत्ता गेलो तर कोण माका अडवतलो?"

"कुणी नाही. म्हणूनच सांगायला इतके दिवस लागले."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "शुक्रवारी आळीक सांग," म्हणाले आणि उठून दुकानात गेले.

शुक्रवारी आरतीला पंधरा-वीस बायका होत्या. महादेवही होता, तो दर शुक्रवारी एक जास्वंद घेऊन यायचा आणि कुणाशी न बोलता ठेवून जायचा. आरती झाल्यावर मी सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

चंद्रावती म्हणाली, "म्हणजे माझ्या जावयाची नोकरी?"

"ती लागली ना?" माई मागून म्हणाल्या.

"लागली."

"मग? परत नेऊन देणार काय?"

एक-दोघी हसल्या. चंद्रावती हसली नाही. मला म्हणाली, "वयनी, दोन महिने मी लाद्या पुसते. गुडघे गेले माझे. आणि तुम्ही जनेलातून बघत होता." ते बोलणं मला लागायला हवं तसं लागलं. त्याला उत्तर माईंनीच दिलं. म्हणाल्या, "लुगडं हिनं नेसवलं, ते खोटं नाही. पण तुम्ही भांडत होता आणि बोलायला लागला, तेही खोटं नाही. देवी असेल ती असेल. तिला दगडावर बसवू. या रोयणीला सोडा, तिचा जीव घुसमटलाय."

तेवढ्यात भाऊ आले. धोतर खोचलेलं, हातात महादेवाचीच पहार. बायका बाजूला झाल्या. मी माईंचा हात धरला. भाऊंनी पत्रा काढून ठेवला. लुगडं सोडलं, हळदीने कडक झालेलं, आणि माझ्या हातात दिलं. महादेवाला म्हणाले, "तू हात लाव म्हणत नाय मी. तू नुसतो उभो रव."

पहिला घाव लादीवर पडला. दुसरा लादीवर. ते पासष्टीचे होते आणि जन्मभर कापड कापलेले हात ते, पहार धरायची सवय नव्हती. एकेक लादी उचकटत त्यांनी सबंध चौथरा फोडला. पहार आता मातीत होती. आणखी एक हात पुढे गेली असती तर मधुकरच्या घराची जागा मोकळी होती, आणि त्यांना अडवणारं खरंच कुणी नव्हतं.

शेवटची लादी निघाली तेव्हा तिला चिकटून रोयणीचं एक ढेकूळ पडलं. आत हाताच्या मुठीएवढं भोक. माती फिकट, सुकलेली. आत काहीच नाही. भाऊ ओणवे झाले. सगळ्या बायका वाकल्या.

"काय दिसतं?" माईंनी विचारलं. 

भाऊ पहार टेकून तसेच बसले. पाच मिनिटं गेली असतील, दहाही. चंद्रावती पदराने तोंड पुसायला लागली. आणि मग त्या भोकाच्या कडेला एक वाळवी आली. पांढुरकी, तांदळाच्या कणीएवढी. तिच्या तोंडात मातीचा कण होता. तो तिने कडेला चिकटवला आणि आत गेली. तिच्यामागून दुसरी. मग ओळ लागली.

"काय दिसतं?" माईंनी पुन्हा विचारलं.

"कामाक लागली," भाऊ म्हणाले.

मी चहा नेऊन दिला, तो निवून गेला. बायका घरी गेल्या. महादेव आणि भाऊ दोघे तिथे बसून राहिले, शेजारी शेजारी. दिवेलागणीपर्यंत भोक निम्मं बुजलं होतं. तेव्हा भाऊ उठले आणि पहारीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढायला लागले. रेघ सरळ आली, रोयणीपाशी थांबली, चार हात बाहेर वळली आणि पुन्हा सरळ झाली.

"अशी भिंत घेता येतली?" त्यांनी विचारलं.

महादेवाने विडी बाजूला ठेवली. "येतली. पण आतली खोली वाकडी जातली, भावानू."

"जाऊ दी. मधूक लिहितंय मी, खोली वाकडी, पण अळमी घरची." मग मागे वळून माईंना म्हणाले, "श्रावणभर भोपळो घातलंस माका."

काळा दगड महादेवाने नदीवरून आणला. हिरवं लुगडं धुऊन त्याला गुंडाळलं. हळद, तेल, घंटा सगळं तिकडे गेलं, रोयणीपासून चांगलं आठ हात. चंद्रावती पंधरा दिवस आली नाही. मग एका सकाळी दगडाशी ओवळीचा वळेसर, म्हणजे फुलांची माळ, दिसला.

पुढल्या वर्षी पाऊस लागला आणि एका संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी वर आली, थोडीशीच. कोतवाल कुठून आला कोण जाणे. आणि श्रावण लागायच्या तीन दिवस आधी, फटफटताना, माईंनी मला हलवलं. "ऊठ गो."

एकूण सोळा होती. चार माईंनी तिला ठेवली. उरलेल्यांचे सात वाटे कसे केले ते त्यांनाच माहीत, एकेका पानात जेमतेम दीड. चंद्रावतीच्या घरी मी स्वतः घेऊन गेले. तिच्या नवऱ्याने पान उघडून बघितलं आणि म्हणाला, "भाऊंना सांगा, मराठी अळमी पण बरी लागतात." भाऊंनी ते ऐकून त्याला जी शिवी दिली ती कोकणीतली होती. त्या संध्याकाळी दोघे सोप्यावर एकत्र बसले.

मधुकर आला एकोणनव्वदमध्ये. परसातल्या त्या वाकड्या घरात राहिला, तिथेच संसार केला. त्याची बायको लक्ष्मी आजतागायत म्हणते की या घरात कपाट सरळ लागत नाही. खरंच लागत नाही. पण तिला कुणी म्हटलं की भिंत सरळ करून घ्या, तर तीच अंगावर येते.

भाऊ चौऱ्याण्णवच्या मार्गशीर्षात गेले. शेवटच्या दोन वर्षांत ते मागल्या पायरीवर बसायचे, सोप्यावर नाही. माईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चांगलं दिसायला लागलं. पट्टी काढल्यावर घरी येऊन पहिल्यांदा त्यांनी रोयण बघितली आणि म्हणाल्या, "इतकी लहान?" हाताने त्यांना ती मोठी वाटत होती. त्या नव्व्याण्णवमध्ये गेल्या.

महादेव गुडघे दुखायला लागल्यावर दोडामार्गाकडे आपल्या गावी परतला. त्याने तिथे काजू लावले. दर चवथीला त्याचं पोस्टकार्ड यायचं, एकाच ओळीचं, रोयण कशी आहे. दोन हजार सातनंतर कार्ड आलं नाही. रामचंद्रमामा त्याच्या आधीच गेला. कोरगावच्या त्या बांधावर आता मामाचा नातू जातो.

चंद्रावती फोंड्याला मुलीकडे असते, त्याच जावयाकडे. तो निवृत्तही झाला. तिला आता माणसं नीट ओळखू येत नाहीत, पण श्रावण जवळ आला की मुलीला फोन लावायला सांगते आणि मला विचारते, "वयनी, आली काय?" तिचा वाटा तिचा नातू येऊन घेऊन जातो.

आमचे हे कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. मागल्या पायरीवर वही घेऊन बसतात. तिन्ही बाजूंनी इमारती झाल्या, पाच-पाच मजल्यांच्या, तरी परसात एकसष्ट जातींचे पक्षी आले असं त्यांच्या वहीत आहे. भारद्वाज दोनदा लिहिला गेलाय, असं माझं म्हणणं आहे. त्यांना ते मान्य नाही.

रोयण आहे. एका बाजूने ढासळली, दुसऱ्या बाजूने वाढली. माझी पाठ आता वाकत नाही, तेव्हा अळमी मधुकरची सून प्राजक्ता काढते. मी जनेलातून सांगत असते, चार ठेव. ती ठेवते. यंदा तिने मला येऊन हलवलं, उजाडायच्या आत, आणि म्हणाली, "मोठ्या आई, उठा, वास येतोय." मला अजूनही कसला वास येत नाही. मी उठले.